आत्यानं दिलेला किताब

दिल्लीत विद्यापीठाच्या बाजूला रिज नावाचा खडकाळ, झाडीभरला उंचवटा आहे. त्यावर महापालिकेचं एक मोठं रुग्णालय आहे, नाव हिंदुराव हॉस्पिटल. जवळच्या वस्तीचं नावही बाडा हिंदुराव. केसपेपरसाठी सकाळपासून रांगेत उभ्या असलेल्या दिल्लीकराला विचारलं, की बाबा रे, हा हिंदुराव कोण, तर तो खांदे उडवतो. कोल्हापूरच्या माणसाला मात्र हे नाव वाचताच घरचं कोणी भेटल्यासारखं वाटतं. कारण कोल्हापूर-साताऱ्याकडे गावागणिक एखादा तरी हिंदुराव असतोच.

तो दिल्लीचा हिंदुराव खरंच आपल्याकडचा, कागलच्या घाटगे घराण्यातला. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचा हा भाऊ. १८३३ मध्ये बायजाबाईंच्या हातची सत्ता गेली, ग्वाल्हेर सोडावं लागलं, आणि पुढे हिंदुराव दिल्लीत येऊन राहिला. कंपनी सरकारचा दिल्लीतला एजंट विल्यम फ्रेझर याचा १८३५ मध्ये खून झाला. रिजवरचा त्याचा प्रशस्त बंगला हिंदुरावाकडे आला आणि ‘हिंदुरावाचा वाडा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १८५७ च्या वेढ्यात मेजर रीडच्या गुरखा पलटणीनं याच वाड्यात ठाण मांडलं होतं. तोवर हिंदुराव हयात नव्हता. वाड्याचं पुढे रुग्णालय झालं, नाव तेवढं टिकलं.

आता गंमत अशी, की ‘हिंदुराव’ हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हतं, तो किताब होता. त्याच्या वडिलांना इतिहास ‘सर्जेराव घाटगे’ म्हणून ओळखतो, तेही नाव नव्हे. पाळण्यातलं नाव सखाराम. बापलेक दोघेही किताबानंच ओळखले गेले आणि दोघांचे किताब आज पश्चिम महाराष्ट्रात सरळसरळ माणसांची नावं होऊन बसले आहेत. त्यातलं ‘सर्जेराव’ हे नाव जरा जवळून बघण्यासारखं आहे. हल्ली ते बाळाला कोणी ठेवत नाही. लग्नपत्रिकेत ‘कै. सर्जेराव यांचे नातू’ अशा ओळीत तेवढं ते भेटतं. पण त्याचा प्रवास फारसीपासून बैलांच्या गोठ्यापर्यंत झालेला आहे.

कागल हे कोल्हापूरच्या दक्षिणेला, पुणे-बेंगळुरू महामार्गावरचं तालुक्याचं गाव. पुढे थोड्याच अंतरावर निपाणी, म्हणजे कर्नाटक. आज नाव काढलं की साखर कारखाना, औद्योगिक वसाहत आणि राजकारण आठवतं, पण कित्येक पिढ्या कागलची ओळख म्हणजे घाटग्यांची जहागीर. घाटगे हे आदिलशाहीतलं जुनं मातबर घराणं. माण तालुक्यातल्या मलवडीच्या घाटग्यांकडे ‘झुंजारराव’ हा किताब, तर कागलकरांकडे ‘सर्जेराव’. कागलकर तर पुढे ‘वजारत-म-आब’ अशीही बिरुदाची शेपटी लावत. आदिलशाही काळापासून हे चालत आलेलं सांगतात. किताब म्हणजे नुसता शब्द नव्हे. दरबारात मानाचा पोशाख अंगावर पडायचा, घोडा किंवा हत्ती मिळायचा, नशीब थोर असेल तर गावं इनाम मिळायची, आणि त्या सगळ्यावर शिक्का म्हणून तो शब्द. पोशाख विरून जाई, घोडा मरे, शब्द मात्र वारसाहक्कानं मुलाकडे येई.

‘सर्जे’ हा शब्द मूळचा फारसीतला ‘शर्झा’. अर्थ खवळलेला, चवताळलेला. फारसीत हे विशेषण बहुतेकदा सिंहाच्याच मागेपुढे येतं. ‘शेर-ए-शर्झा’ म्हणजे चवताळलेला सिंह. दख्खनमध्ये आल्यावर विशेषणानंच सिंहाची जागा घेतली आणि शर्झा म्हणजेच सिंह असं लोक धरून चालले. विजापूरला गेलेल्यांनी त्याचं रूप डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तिथली प्रचंड मलिक-ए-मैदान तोफ ज्या बुरुजावर आहे, त्याचं नावच शर्झा बुरूज, कारण त्याच्यावर सिंह कोरले आहेत. तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. चौदा फुटांहून लांब, आणि तिचं तोंड म्हणजे आ वासलेला सिंहासारखा जबडा. जवळ जाऊन पाहिलं, की त्या दातांमध्ये चिरडला जाणारा एक इवलासा हत्ती दिसतो. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरही असलाच एक पशू हत्तींना पंजाखाली दाबून उभा असतो, आपण त्याला शरभ म्हणतो. त्या काळात पराक्रमाचं चित्र काढायचं तर हेच. त्यामुळे शूर माणसाला शर्झा म्हणणं ओघानंच आलं. कवी भूषणानंही शिवाजी महाराजांना पुन्हा पुन्हा ‘सरजा’ म्हटलं आहे.

मराठी तोंडात ‘श’ चा ‘स’ झाला, ‘झ’ चा ‘ज’ झाला आणि मागे ‘राव’ लागला. हा राव आपल्याकडचाच. संस्कृतातला राजन्, प्राकृतात राय, आणि मराठीत येईपर्यंत राव. म्हणजे अर्धं नाव इराणचं, अर्धं इथलं. विजापूरच्या दरबारात हाच शब्द मुसलमान सरदाराला मिळाला, की तो ‘शर्झाखान’ होई आणि मराठा सरदाराला मिळाला, की ‘सर्जेराव’. सिंह एकच, शेपूट तेवढी वेगळी. विजापूरचा एक नामांकित सेनापती शर्झाखान पुढे मुघलांकडे गेला. तिथं त्याला ‘रुस्तुमखान’ असा नवा किताब मिळाला आणि १६९० मध्ये साताऱ्याजवळ तो मराठ्यांच्या हाती सापडला. त्याला पकडणाऱ्या फौजेत एखादा सर्जेराव असला, तर त्या लढाईत शर्झाच शर्झाला भिडला म्हणायचा.

असली मिश्र नावं आपल्याकडे इतकी आहेत, की आपल्याला ती मिश्र वाटतही नाहीत. दौलतराव, गुलाबराव, फत्तेसिंगराव, रुस्तुमराव. कागल-कोल्हापूरकडे घरोघरी असलेलं ‘आप्पासाहेब’ घ्या. आप्पा कानडी, साहेब अरबी, आणि नाव धारण करणारा मराठी.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. जर्मन भाषेत ‘लेओनहार्ड’ नावाचं एक जुनं, पारंपरिक नाव आहे. गणित शिकलेल्यांना लेओनहार्ड ऑयलर ठाऊक असतो. इटलीत तेच नाव ‘लिओनार्दो’ झालं, तो दा विंची सगळ्यांनाच माहीत. या नावाचेही दोन तुकडे. ‘लेओ’ हा लॅटिनमधला सिंह, आणि ‘हार्ट’ हा अस्सल जर्मन शब्द, जुना अर्थ बळकट, धीट. उत्तरेकडच्या टोळ्यांच्या रानात सिंह कुठून असणार? त्यांची स्वतःची जुनी नावं त्यांच्या ओळखीच्या जनावरांवरून. बेर्नहार्ड म्हणजे अस्वलासारखा धीट, एबरहार्ड म्हणजे रानडुकरासारखा, वोल्फगांगमध्ये लांडगा. रोमन जगाशी आणि ख्रिस्ती संतांशी संबंध आला तेव्हा सिंह आला, आणि त्याला त्यांनी आपल्या घरचा ‘हार्ट’ जोडून टाकला. आपण शर्झाला राव जोडला, तसंच. परकीय दरबारातला सिंह आणि घरचा जोडशब्द, ही युक्ती दोन खंडांवर एकमेकांना न विचारता सुचली.

कागलच्या सखारामाकडे परत येऊ. हा माणूस काही गोष्टीतला शूर सिंह नव्हता. आधी परशुरामभाऊ पटवर्धनांकडे, मग नाना फडणविसांकडे चाकरी करत करत तो दौलतराव शिंद्यांच्या जवळ पोचला. त्याची मुलगी बायजाबाई, जन्म कागलचा, साल १७८४. तिचं दौलतरावांशी लग्न व्हावं ही शिंद्यांची इच्छा, आणि त्या बदल्यात दिवाणगिरी मिळावी ही सखारामाची. १७९७ च्या वर्षअखेरीला नाना फडणविसांना दग्यानं पकडण्यात आलं, त्यात त्याचा हात होता. १७९८ मध्ये पुण्यात थाटात लग्न लागलं आणि सर्जेराव दिवाण झाला. दुसऱ्या बाजीरावानं शिंद्यांना दोन कोटी रुपये कबूल केले होते, पण तिजोरीत खडखडाट. तेव्हा पैसे शहरातूनच काढायचे ठरले आणि ते काम सर्जेरावानं अंगावर घेतलं. सावकारांना, नानांच्या माणसांना वाड्यातून ओढून आणलं गेलं. नानांचे आप्त गंगाधरपंत भानू तापलेल्या तोफेला बांधलेले असतानाच मेले. पुणेकर ते दिवस कित्येक पिढ्या विसरले नाहीत. पुढे स्वतः दौलतरावही त्याला वैतागले, कैदेतही टाकलं. सुटला, पुन्हा वर आला, आणि १८०९ मध्ये शिंद्यांच्याच छावणीत मारला गेला.

एवढं सगळं होऊनही नाव बदनाम झालं नाही, हे नवल आहे. ‘सूर्याजी’ हे नाव सूर्याजी पिसाळामुळे कायमचं वाक्प्रचारात अडकलं, पण सर्जेराव सुटला. याचं कारण बहुधा असं, की सर्जेराव एकच नव्हता. कारीच्या कान्होजी जेध्यांचा मुलगा बाजी हाही सर्जेराव. पुरंदरच्या पायथ्याला फत्तेखानाशी झालेल्या लढाईत त्यानं निशाण शत्रूच्या हाती पडू दिलं नाही, म्हणून शिवाजी महाराजांनी हा किताब दिला असं जेधे घराण्यात सांगितलं जातं. त्याला ‘बाजी सर्जेराव’ म्हणत. एकाची करणी दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत राहिली आणि शब्दाच्या वाट्याला शिल्लक काय, तर शौर्य.

किताब नावाला कसा गिळतो, याची सगळ्यात ठळक उदाहरणं शिवकाळातली. कुडतोजी गुजर कोण, असं शाळेतल्या पोराला विचारलं तर तो डोकं खाजवेल. प्रतापराव गुजर म्हटलं की नेसरीची खिंड आणि सात वीर धडाधडा सांगेल. हंसाजी मोहिते तसाच. ‘हंबीरराव’ हा किताब मिळाला आणि हंसाजी मागे पडला तो पडलाच. हंबीर हा शब्दही बघा. जुन्या संस्कृत शिलालेखांत गझनीच्या अमीरासाठी ‘हम्मीर’ असा शब्द येतो, म्हणजे अरबी अमीराचं ते संस्कृत रूप. शत्रूच्या पदवीला आधी संस्कृत कपडे चढवले, मग रजपुतांनी ते नाव म्हणून घेतलं, मग ते मराठी सेनापतीचा किताब झालं, आणि शेवटी कऱ्हाड-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याच्या पोराचं नाव. इतकी वळणं एखाद्या नदीलाही नसतात.

पण प्रत्येक किताबाचं नाव होत नाही. राजाराम महाराजांनी घोरपडे बंधूंना तीन किताब दिले. संताजीला ‘ममलकतमदार’, बहिर्जीला ‘हिंदुराव’ आणि मालोजीला ‘अमीर-उल-उमराव’. तिघांत पराक्रम संताजीचा सर्वांत मोठा. तरी ममलकतमदार नावाचा माणूस कोणी पाहिला आहे का? पाळण्यावर वाकून बायकांना जे नाव झोकात म्हणता येत नाही, ते कितीही मोठं असो, दरबारातच राहतं. हिंदुराव, प्रतापराव, सर्जेराव, हंबीरराव ही चार-पाच अक्षरी, शेवटी ‘राव’ वर दमदार टेकणारी नावं पाळण्यात बरोबर बसली.

पाळण्यात ती बसवली कोणी, हा या गोष्टीतला मधाचा भाग आहे. किताब सरदाराच्या घराण्याची मिरास. दुसऱ्यानं तो लावला तर तलवारी निघाव्यात. पण नाव ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. बारशाच्या दिवशी आत्या पुढे होते, बाळाच्या कानाशी तोंड नेते, कुर्र करते आणि सांगते ‘सर्जेराव’. पाठीवर बायकांचे धपाटे बसतात, घुगऱ्या वाटल्या जातात, आणि विजापूरच्या सुलतानानं तोलून मापून दिलेला किताब दोन एकरवाल्या कुणब्याच्या पोराला आत्यानं फुकटात देऊन टाकलेला असतो. बाप जहागीरदाराच्या शेतावर राबत असेल आणि जहागीरदाराचंच बिरुद पोराला लागलेलं असेल. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं कोणी म्हणोही. पण असल्या नावांमध्ये थोडी थट्टा, थोडा हावरेपणा आणि पुष्कळशी आशा असते.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढच्या वर्षी राज्यघटना आली. तिच्या अठराव्या कलमानं सरकारला लष्करी आणि विद्याविषयक सन्मान सोडून कसलेही किताब द्यायला मनाई केली. दरबारी सर्जेरावांचा रस्ता तिथं बंद झाला. आत्यांना मात्र कलम अठरा लागू नव्हतं. त्या सुखानं सर्जेराव आणि हिंदुराव जन्माला घालत राहिल्या.

मुलींच्या वाट्याला हे आलं नाही, हेही सांगायला हवं. बायजाबाईंनी १८२७ ते १८३३ ग्वाल्हेरचा कारभार चालवला. काशीतल्या ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप त्यांनीच बांधवला. पण त्यांच्या मागे पाळण्यात घालायला कोणता किताब उरला नाही, उरलं ते नुसतं ‘बायजा’. किताब बापाकडून आणि भावाकडून चालत आले.

कोल्हापूरकडे मानाचा शब्दच नाव होऊन बसायची खोड आजही जिवंत आहे, फक्त तिचं रूप बदललं आहे. मतदार यादी किंवा सोसायटीचं सभासद रजिस्टर उघडलं की ती नावं ओळीनं दिसतात. बाळासो, आण्णासो, आप्पासो, भाऊसो, बापूसो, दादासो. हा ‘सो’ म्हणजे साहेबचा लेखी संक्षेप. कधीकाळी कारकुनानं हात वाचवायला ‘साहेब’ चं ‘सो’ केलं आणि तेच कायम झालं. आता बोलतानाही माणसं ‘भाऊसो’ म्हणतात आणि त्याच्यापुढे आणखी एकदा आदरानं ‘साहेब’ लावतात. पुण्या-मुंबईच्या बँकेत हे नाव अर्जावर दिसलं, की तिथला कारकून हमखास शंका काढतो, पूर्ण नाव लिहा म्हणून. हेच पूर्ण नाव असतं.

कागलच्या घाटग्यांच्या घरातच नावांची आणखी एक कथा आहे, आणि ती साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या माणसाची. जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांना २६ जून १८७४ ला मुलगा झाला. कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये जन्मलेल्या या मुलाचं नाव यशवंतराव ठेवलं. १७ मार्च १८८४ ला तो कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि ‘शाहू’ झाला. नावाची निवड जरा चमत्कारिकच. कोल्हापूरची गादी मुळात साताऱ्याच्या शाहूंशी भांडूनच उभी राहिली. ताराबाईंनी त्यांचा हक्क मानला नाही, आणि १७३१ मध्ये वारणेचा तह होईपर्यंत काका-पुतण्यांच्या वंशांत तलवारी चालल्या. त्याच गादीवर दीडशे वर्षांनी शाहू नावाचा राजा आला, आणि आज ‘शाहू महाराज’ म्हटलं की आधी आठवतो तो कोल्हापूरचाच.

साताऱ्याच्या शाहूंचंही जन्मनाव शिवाजी होतं. मुघलांच्या कैदेत असताना औरंगजेबानं त्यांना ‘साव’ म्हटलं, चोराच्या उलट तो साव, आणि त्यावरून शाहू झालं, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट चटकदार आहे म्हणूनच तिच्यावर भरवसा ठेवणं अवघड. भोसले घराण्यात ‘शाह’ आधीपासून होताच. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या अवलियाला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली. आजोबा-पणजोबांच्या नावातला तुकडा नातवाकडे येणं ही मराठी घरांची जुनी रीत आहे. त्यासाठी औरंगजेबाची गरज नाही.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंचे धाकटे भाऊ कागलची जहागीर चालवत. त्यांना सगळे बापूसाहेब म्हणत, नाव पिराजीराव. पीर, जी आणि राव. एका सूफी शब्दावर दोन मराठी मानाचे शब्द चढवलेले. कागलच्या लोकांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. गावाचा मुख्य चौक गैबी चौक, गावचं दैवत गैबी पीर, ज्याला नाथपंथी गहिनीनाथ म्हणतात. उरूस सगळ्या गावाचा. पिराजी हे नाव कोल्हापूर, सांगली, मराठवाड्यात मराठा, धनगर, मातंग अशा सगळ्या समाजांत सापडतं. नवसानं झालेल्या पोराला ते मिळे.

पण सर्जेरावाचा शेवटचा मुक्काम माणसांत नाही, गोठ्यात आहे. ‘राव’ गळून पडला आणि उरला नुसता सर्जा, बैलाचं नाव म्हणून. मराठी शेतकऱ्याच्या बैलजोडीचं ठरलेलं नाव सर्जा-राजा. सिंहाचं नाव बैलाला का, असं विचारायला कोणी थांबलं नाही. रूपानं देखणा, खांद्यानं दणकट, अंगात रग असलेला बैल तो सर्जा. जर्मनीतल्या लेओनहार्डाचीही अशीच गत झाली. संत लेओनहार्ड हा मुळात कैद्यांचा कैवारी, चित्रांत त्याच्या हातात बेडीची साखळी असते. बव्हेरियातल्या शेतकऱ्यांनी ती जनावरांची साखळी समजून घेतली आणि त्याला गुराढोरांचा देव करून टाकलं. दरवर्षी ६ नोव्हेंबरला बाड ट्योल्त्स या गावी त्याच्या नावानं सजवलेल्या घोड्यांच्या गाड्यांची मिरवणूक निघते आणि जनावरांना आशीर्वाद दिला जातो. कागलचा शेतकरी तिथं उभा राहिला, तर त्याला बेंदूरच वाटेल. त्याच्याकडे तर दोन बेंदूर. सीमेवरचं गाव असल्यानं ज्येष्ठी पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर आणि आषाढातला महाराष्ट्रीय बेंदूर, दोन्ही पाळणारी माणसं शेजारी शेजारी राहतात. बैलांना धुवायचं, शिंगं रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळी भरवायची.

बैलच कमी झाले तेव्हा त्या नावाचा तोही आसरा आटला. कागलमध्येच जन्मलेल्या आनंद यादवांनी १९७१ च्या ‘गोतावळा’ या कादंबरीत हेच मांडलं. गडी म्हणून राबणारा नारबा, त्याची जनावरं, आणि मळ्यात येणारा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला कोणी सर्जा म्हणत नाही. त्याच्यावर कंपनीचं नाव आधीच छापलेलं असतं, फार तर मागच्या पत्र्यावर ‘आईचा आशीर्वाद’ रंगवतात.

माणसांतही १९८० नंतर सर्जेराव कमी होत गेले. आधी ‘राव’ जड वाटू लागला. मग नावं तीन अक्षरी झाली, मग दोन अक्षरी. सिनेमा, मालिका, दवाखान्यात मिळणारी नावांची पुस्तकं आणि आता मोबाइल यांनी बारशाचं काम आत्याच्या हातून काढून घेतलं. आजच्या आरवमध्ये कोणी राव शोधू नये, तो निराळाच शब्द आहे. १९८७ मध्ये राजदत्तांनी ‘सर्जा’ नावाचा चित्रपट केला. तो गाजला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, पण बारशांवर त्याचा परिणाम झाल्याचं ऐकिवात नाही.

किताब देणं मात्र थांबलेलं नाही. सरकारनं थांबवलं, तालमींनी चालू ठेवलं. आणि तिथं पुन्हा सिंहच आला. ‘हिंदकेसरी’ हा कुस्तीतला मोठा मान १९५९ मध्ये पहिल्यांदा मिळवला तो श्रीपती खंचनाळे यांनी. मूळचे कागलपासून फार दूर नसलेल्या एकसंब्याचे, आणि तालीम कोल्हापूरची. त्याच वर्षी ते महाराष्ट्र केसरीही झाले. पुढच्या वर्षी गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले. मैदानातल्या निवेदकानं ‘हिंदकेसरी’ म्हटलं, की लोक माना वळवत. आता बैलगाडा शर्यतींनाही हा रोग लागला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींची वाट मोकळी केल्यापासून मैदानं पुन्हा भरू लागली आणि जिंकलेल्या बैलांच्या नावामागे लोक ‘हिंदकेसरी’ लावतात. फलकावर बैलाचा फोटो, खाली नाव, त्याखाली त्यानं मारलेली मैदानं. सरदारांच्या बिरुदावल्या याहून फार वेगळ्या नसाव्यात.

फरक एवढाच, की हे नवे किताब नावाला गिळत नाहीत. खंचनाळे २०२० मध्ये गेले तोवर साऱ्या मुलखासाठी ते हिंदकेसरीच होते, पण त्यांचं श्रीपती हे नाव कोणी विसरलं नाही. सखारामाचा सर्जेराव झाला तेव्हा त्याच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. आज जन्मदाखला, दहावीचं गुणपत्रक, आधार, पॅन, सातबारा, सगळीकडे एकच नाव लागतं, आणि त्यात एका वेलांटीचा फरक पडला तरी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत चपला झिजवाव्या लागतात. नाव बदलायचं तर राजपत्रात छापून आणावं लागतं, शुल्क भरावं लागतं. पराक्रम करून नाव बदलायची सोय राहिलेली नाही. निवडणुकीच्या वेळी तेवढी थोडी सवलत मिळते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या उमेदवारांच्या याद्या वाचल्या तर जागोजाग ‘उर्फ’ दिसतो. दाखल्यावरचं नाव आधी, मग उर्फ, आणि मग गाव ज्या नावानं हाक मारतं ते.